गणपतराव देशमुख : पक्ष आटत गेला, सांगोला टिकला, हे कसे?

माणगंगाकाठ (धागाकर्ता)

गणपतराव देशमुख यांचे ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात निधन झाले, तेव्हा छापून आलेल्या बहुतेक मृत्युलेखांत त्याच तीन गोष्टी होत्या : चौपन्न वर्षांची विक्रमी आमदारकी, आयुष्यभर एकच पक्ष आणि एसटीने केलेला प्रवास. आमच्या तालुक्यात त्यांना आबासाहेब म्हणत, आणि त्यांचा साधेपणा हा आमच्याकडे कौतुकाचा विषयच नव्हता, कारण तो रोजचा होता. साधे राहणारे, पक्ष न सोडणारे इतरही पुढारी महाराष्ट्राने पाहिले आहेत आणि त्यातले कित्येक दुसऱ्या-तिसऱ्या निवडणुकीत घरी बसले आहेत. त्यामुळे मला पडलेला प्रश्न या तीन गोष्टींनी सुटत नाही.

त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) विधानसभेतील बळ पाहा. १९६२ मध्ये १५ आमदार, १९६७ मध्ये १९, १९७२ च्या लाटेत ७, १९७८ मध्ये पुन्हा १३, १९९९ मध्ये ५ आणि २०१४ मध्ये ३. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव ही पक्ष उभारणारी माणसे पन्नासच्या दशकातच काँग्रेसमध्ये परतली. पुढे यशवंतराव मोहिते गेले. १९५० च्या दाभाडी प्रबंधातला शेतकरी-कामगारांच्या राज्याचा विचार नव्या कार्यकर्त्याला समजावून सांगणारेही हळूहळू कमी झाले. विहीर आटावी तसा पक्ष आटला. सांगोल्याने मात्र गणपतरावांना १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे अकरा वेळा निवडून दिले. मधल्या काळात इंदिरा लाट आली, मंडल-मंदिर आले, युती आली, दोन काँग्रेस झाल्या, आणि दोन पराभव सोडले तर आमच्या मतपेटीत लाल बावटाच निघत राहिला.

याचे कारण जातीच्या गणितात शोधण्याची पद्धत आहे. गणपतराव धनगर समाजातले आणि तालुक्यात त्या समाजाची संख्या मोठी, हे खरेच आहे. परंतु तेवढ्यावर अकरा निवडणुका जिंकता येत असत्या, तर तसे मतदारसंघ राज्यात आणखीही दिसले असते. जाणकारांनी आपापल्या भागातील अनुभव सांगावेत, ही विनंती.

रेवदंडेकर

धागा वाचून आनंद झाला. मी शेकापच्या दुसऱ्या बालेकिल्ल्यातला, म्हणजे अलिबागकडचा आहे, म्हणून तुलना मांडतो.

आमच्याकडे पक्षाची मुळे पक्ष स्थापन होण्याच्या आधीची आहेत. खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, विरोधात चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून जवळपास सहा वर्षे शेती पिकवायचे नाकारले आणि नारायण नागू पाटील यांनी त्या संपाचे नेतृत्व केले. ती आठवण आमच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या पुरली. खोत कोण आणि कूळ कोण हे प्रत्येकाला ठाऊक असल्याने पक्ष कोणाचा हे वेगळे सांगावे लागत नसे. कूळकायद्याने जमिनी मिळाल्या आणि त्या लढ्याचा हेतू पूर्ण झाला; त्यानंतर पक्ष सहकारावर, जिल्हा परिषदेवर आणि पुढे घराण्यावर तगला.

सांगोल्यात खोत नव्हता. तिथे शत्रू म्हणून बोट दाखवावे असा एकच माणूस नव्हता, आणि मला वाटते तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे असावे. अवर्षण हा असा प्रतिपक्ष आहे की तो कायदा करून जात नाही, दर तीन-चार वर्षांनी परत येतो. त्यामुळे त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या माणसाची गरजही संपत नाही.

गलाईवाला

लेख उत्तम आहे, परंतु त्यातील ‘विक्रमी’ हा शब्द तपासावा लागेल. मी मूळचा खानापूर तालुक्यातला. आमच्या भागातले लोक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेले आहेत, हे आपल्याला माहीत असेलच. माझे दुकान केरळात कोट्टायम जिल्ह्यात आहे. इथे पाला नावाचा मतदारसंघ आहे. तिथून के. एम. मणी १९६५ पासून २०१६ पर्यंत सलग तेरा वेळा निवडून आले आणि एकदाही हरले नाहीत. त्यातली १९६५ ची विधानसभा भरलीच नाही, ती वजा केली तरी बारा उरतात. याच जिल्ह्यातील पुथुपल्लीतून ओमन चंडी १९७० पासून २०२१ पर्यंत बारा वेळा निवडून आले. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. त्यांचे मतदारसंघ मात्र बदलत राहिले.

म्हणून देशातला विक्रम असे लिहू नये. महाराष्ट्रापुरते अकरा हा आकडा पुष्कळ मोठा आहे, त्याला उधारीची गरज नाही.

एक फरक मला मात्र गमतीचा वाटतो. मणी यांनी राज्याचे तेरा अर्थसंकल्प मांडले. सरकार या आघाडीचे असो वा त्या, त्यांचा पक्ष बहुधा कुठेतरी सत्तेच्या जवळ असे आणि तो फुटतही असे. पालातल्या माणसाला आपला आमदार मंत्री असण्याची सवय होती. दुकानातली मूस भट्टीवर असताना गप्पा होतात तेव्हा मी इथल्या गिऱ्हाइकांना सांगतो की आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला एक आमदार अर्धे शतक निवडून येत होता आणि बहुतेक काळ विरोधी बाकावर होता, तर ते विचारतात, मग लोक त्याला मत कशाला देत होते? मला नीट उत्तर देता येत नाही. त्यामुळे हा धागा मी लक्षपूर्वक वाचणार आहे.

मोजदाद

विक्रमाचा विषय निघाला आहेच, तर दुसरी दुरुस्तीही करून घ्यावी. ‘चौपन्न वर्षे आमदार’ हा आकडा सगळीकडे फिरतो. १९६२ ते १९७२ ही दहा वर्षे, १९७४ ते १९९५ ही एकवीस आणि १९९९ ते २०१९ ही वीस, अशी बेरीज सुमारे एक्कावन्न होते. मंत्रिपदाचा हिशेब केला तर १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, जे फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले, आणि नंतर १९९९ पासून २००२ पर्यंत विलासराव देशमुखांच्या सरकारात. दोन्ही मिळून जेमतेम चार वर्षांच्या आसपास. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. त्याआधी १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे कृष्णराव धुळप आणि त्यांच्यानंतर दिनकर पाटील यांनी ते पद सांभाळले होते. म्हणजे एके काळी महाराष्ट्रात विरोधी पक्ष म्हटले की शेकाप असे समीकरण होते, हे आजच्या वाचकाला सांगूनही पटत नाही.

गलाईवाला यांच्या गिऱ्हाइकांना हे सांगता येईल : एक्कावन्न वर्षांत चार वर्षे मंत्रिपद, उरलेली सत्तेचाळीस वर्षे प्रश्न विचारण्याची.

खिलार

मी सांगोला तालुक्यातील शेतकरी आहे. रविवारच्या जनावरांच्या बाजारासाठी सांगोला प्रसिद्ध आहे, त्यावरून हे नाव घेतले.

१९७२ मध्ये गणपतराव हरले, तो काँग्रेसच्या लाटेचा काळ होता. राज्यात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या. निवडणूक झाली आणि त्याच वर्षी पाऊस पडला नाही. आमची आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तिने सांगितलेले मी माझ्या शब्दांत लिहितो. सकाळी मुकादम हजेरी घेई. बायका उन्हात फडकी बांधून बसत, एका हाताने दगड धरत आणि दुसऱ्या हाताने हातोडी मारत. धरलेल्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असत, कारण हातोडी निसटली की नख जाई. संध्याकाळी खडीचा ढीग चौकटीने मोजत, आणि तो भरताना खडी खाली दबली की माप कमी भरे. मजुरी मापावर होती. म्हणजे भांडण व्हायचे ते मापाचे, हजेरीपत्रकावरच्या अंगठ्याचे आणि आठवडा उलटूनही न आलेल्या पगाराचे. मुलांना सुकडी मिळे. ती खाल्लेल्या पिढीला आजही त्या चवीचे नाव काढलेले चालत नाही.

हे एवढे तपशिलात लिहिण्याचे कारण असे की आमच्या भागात राजकारण म्हणजे काय याची व्याख्याच त्या दोन वर्षांत ठरली. माप चुकीचे घेतले हे आजीला कळत होते; ते कोणत्या कागदावर, कोणाकडे आणि कोणत्या नियमाने मांडायचे हे कळत नव्हते. गणपतराव वकील होते. आमदारकी गेलेली असताना त्यांचे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांचे काम हेच झाले. १९७४ ची पोटनिवडणूक त्यांनी जिंकली, त्याचे आश्चर्य आमच्या घरात कोणालाच वाटले नव्हते.

पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, त्या वेळी ते मंत्रिमंडळात होते. १९९९ नंतर तर पणन आणि रोजगार हमी हीच खाती त्यांच्याकडे आली. ज्या माणसाने हजेरीपत्रकावरून तहसीलदाराशी वाद घातले, त्याच्याकडेच ते खाते यावे, हा योग चांगला होता.

उलटतपासणी

सर्वांचे लेखन वाचले. भावनेचा आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो, कारण ती कोणीतरी मांडायला हवी.

सांगोल्याच्या उत्तरेला माळशिरस आणि पंढरपूर आहेत. तिथे कालवे आहेत, ऊस आहे, कारखाने आहेत. नीरा उजव्या कालव्याचे शेपूट सांगोल्यात येते आणि शेपटाला पाणी किती पोहोचते हे शेतकऱ्याला सांगायला नको. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी तालुक्यात येण्यासाठी एकविसावे शतक उजाडावे लागले. ज्या तालुक्याने एकाच माणसावर अर्धे शतक विश्वास टाकला, त्या तालुक्याने त्याच अर्ध्या शतकात टँकर आणि छावण्या पाहिल्या. सत्तेत राहून आपल्या भागाकडे पाणी वळवणारे नेते याच काळात शेजारच्या जिल्ह्यांत होऊन गेले. मग विरोधी बाकावरील निष्ठेची किंमत कोणी मोजली, असा प्रश्न विचारला तर तो अनुचित ठरू नये. साधेपणाने मतदाराचे मन भरते, रान भिजत नाही.

माणगंगाकाठ

उलटतपासणी यांचा मुद्दा मी टाळणार नाही. लहानपणी टँकरच्या नळीखाली कळशी धरून उभा राहिलेला मीही आहे. परंतु यात भूगोलाची बाजू पाहिली पाहिजे. माळशिरस-पंढरपूरला पाणी उताराने जाते, आमच्याकडे ते उचलून आणावे लागते. कृष्णेचे पाणी कराडजवळ टेंभूला अडवून, टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवून, कडेगाव, खानापूर, आटपाडी ओलांडून सांगोल्यात आणायचे. अशा योजनेला धरण बांधणारा एक पुढारी पुरत नाही. वाटेवरच्या प्रत्येक तालुक्याची सहमती लागते, आणि वरच्या तालुक्याने आपली तहान भागल्यावर दार बंद करू नये याची हमीही लागते.

गणपतरावांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग इथे आहे, आणि मृत्युलेखांत त्याला दोन ओळी मिळाल्या. १९९३ मध्ये आटपाडीला पाणी परिषद झाली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी कृष्णा खोऱ्यातील तेरा दुष्काळी तालुक्यांना एका मागणीवर उभे केले. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला कृष्णेचे ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले होते. सन २००० पर्यंत ते अडवले नाही तर त्यावरचा दावा दुबळा होईल, अशी धास्ती होती. परिषदेचे म्हणणे असे होते की पाणी अडवायचे आहेच, तर ते नदीकाठच्या उसालाच मिळाले पाहिजे असे नाही. खोऱ्यातल्या प्रत्येक कुटुंबाचा त्यावर समान हक्क आहे. ही परिषद वर्षानुवर्षे भरत राहिली. व्यासपीठावर वेगवेगळ्या पक्षांचे लोक असत आणि समोर डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, खाली बसलेले हजारो शेतकरी असत. वडिलांबरोबर मी एकदा गेलो होतो, तेव्हा भाषणांपेक्षा मला एक गोष्ट लक्षात राहिली : वक्ता एखादा आकडा सांगे आणि शेजारचा म्हातारा तो वहीत उतरवून घेई. टीएमसी म्हणजे किती हे आमच्या गावातल्या न शिकलेल्या माणसांनाही तेव्हापासून सांगता येते.

पाणी उशिरा आले, हे मान्य. पण ते आल्यावर त्याचे वीजबिल हा नवा प्रश्न उभा राहिला, आणि उपसा योजनांच्या बिलाचा ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के लाभधारकांनी उचलावा असे सूत्र शासनाला स्वीकारावे लागले. दुष्काळी तालुक्यांचा दबाव नसता तर ही विभागणी झाली नसती, असे माझे मत आहे.

उलटतपासणी

उत्तर मुद्देसूद आहे. भूगोल मान्य करतो. तरीही तेरा तालुक्यांची परिषद १९९३ मध्ये झाली आणि पहिली निवडणूक १९६२ ची होती, या एकतीस वर्षांचा हिशेब अपूर्ण राहतो, एवढे नोंदवून थांबतो.

खिलार

त्या एकतीस वर्षांपैकी शेवटच्या काही वर्षांचे सांगतो. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लावण्याची योजना सुरू झाली. लागवडीची मजुरी हमीतून, रोपे अनुदानातून. आमच्या माळावर आधी बोर आली आणि तिच्यामागून डाळिंब. डाळिंबाला पाणी कमी लागते आणि मुरमाड, निचऱ्याची जमीन मानवते. आमच्याकडे दुसरी जमीनच नव्हती. आधी गणेश, मग भगवा. अजनाळे गावाचे नाव तर डाळिंबामुळे दूरपर्यंत पोहोचले. नंतर तेल्या आला, मर रोग आला, अनेकांच्या बागा काढून टाकाव्या लागल्या, माझीही एक एकर गेली. पण पाण्याआधी पैसा आला तो या मार्गाने. ही योजना राज्यभराची होती, गणपतरावांची एकट्याची नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या तालुक्याने ती अंगावर घेतली याचे कारण हमीच्या कामाची नोंदणी, अर्ज, हजेरी यांची सवय आमच्या गावांना वीस वर्षांपासून होती.

चाती

सूतगिरणीचा विषय अजून कोणी काढला नाही, याचे आश्चर्य वाटले.

मी सूत व्यवसायात तीस वर्षे नोकरी केली, सांगोल्यात नव्हे. सहकारी सूतगिरणीचे सूत्र असे होते की शंभर रुपयांच्या प्रकल्पात पाच रुपये सभासदांचे, पंचेचाळीस शासनाच्या भागभांडवलाचे आणि पन्नास कर्जाचे. पाच रुपयांत शंभराचा कारभार हाती येत असल्याने ऐंशीच्या दशकात गिरणी काढणे ही पुढाऱ्यांची हौस झाली. मी ज्या गिरणीत होतो, तिथे संचालकांचे नातेवाईकच कापसाच्या गाठी पुरवत. गाठ फोडली की वर स्वच्छ कापूस आणि आत ओला, सरकी-कचऱ्याचा. कार्डिंगवर, म्हणजे कापूस पिंजण्याच्या यंत्रावर, धागा तुटे, सूत कातणाऱ्या चात्या थांबत, आणि उत्पादन घटल्याचा ठपका कामगारावर येई. अखेरीस गिरणी बंद पडली, तेव्हा आमचे चौदा महिन्यांचे पगार थकले होते. आज ती जागा बाभळींनी भरली आहे.

सांगोल्याच्या शेतकरी सहकारी सूतगिरणीकडे मी या पार्श्वभूमीवर पाहतो. त्या तालुक्यात कापूस पिकत नाही म्हटले तरी चालेल. कच्चा माल बाहेरून आणायचा, सूत बाहेर विकायचे, मधल्या फरकावर जगायचे. असा धंदा खरेदी स्वच्छ असेल तरच चालतो. गाठीमागे थोडा जरी चोरला तरी नफा संपतो. राज्यातल्या सहकारी गिरण्या एकामागून एक बंद पडत असताना ती चालत राहिली, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला पुढाऱ्याच्या एसटी प्रवासापेक्षा मोठे प्रमाणपत्र वाटते. गिरणीत तीन पाळ्या चालतात म्हणजे शेकडो घरांत दर महिन्याला पगार जातो, आणि दुष्काळी तालुक्यात पाऊस-पाण्यावर अवलंबून नसलेला पगार ही काय चीज आहे हे मी सांगायला नको.

रेवदंडेकर

चाती यांचा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत मोलाचा ठरावा. त्याला जोडून विचारतो : मग १९९५ मध्ये काय झाले?

मोजदाद

१९९५ मध्ये ते १९२ मतांनी हरले. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. तेच शहाजीबापू, जे २०२२ च्या जून महिन्यात गुवाहाटीहून झाडी-डोंगर-हाटेलाच्या संभाषणामुळे घराघरांत पोहोचले. त्या वर्षीची विसंगती पाहण्यासारखी आहे. राज्यात काँग्रेस ८० जागांवर घसरली, युतीला १३८ मिळाल्या, अपक्षांच्या पाठिंब्याने युतीचे सरकार आले. आणि जन्मभर काँग्रेसविरोधात लढलेला माणूस त्याच वर्षी काँग्रेसकडून हरला. सांगोल्याने सत्तेतला आमदार हवा म्हणून बदल केला असेल, तर त्यांना पुन्हा विरोधी बाकावरचाच मिळाला.

खिलार

त्या रात्री मतमोजणी मतपत्रिकांची होती. आमच्या वाडीत एकच टीव्ही होता, पण त्यावर तालुक्याचे आकडे येत नव्हते. सांगोल्याहून मोटरसायकलवर येणारा माणूस सांगेल ते खरे. पहिला आला तो सांगून गेला आबा पुढे. दुसरा आला, तो उतरलाच नाही, गाडी चालू ठेवून नुसती मान हलवली. १९२ हा आकडा पहाटे कळला. दुसऱ्या दिवसापासून गावोगावी एकच हिशेब चालू होता : कोणाच्या घरातले कोण मतदानाला गेले नाही, ऊसतोडीला गेलेले किती जण परत आले नव्हते. आमच्या चुलत्याने मत दिले नव्हते, पंढरपूरला लग्न होते म्हणून. ते १९९९ पर्यंत त्याला घरात ऐकावे लागले.

यावरून मला वाटते, पराभवाने त्यांचे नुकसान कमी आणि फायदा जास्त झाला. पडेपर्यंत लोक त्यांना गृहीत धरत होते.

रेवदंडेकर

१९९९ मध्ये ते परत आले, विलासरावांच्या आघाडी सरकारात मंत्री झाले आणि २००२ मध्ये आमच्या जिल्ह्यामुळे मंत्रिपद सोडून बाहेर पडले. रायगड जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीने शिवसेनेशी हातमिळवणी केली, म्हणून शेकापने सरकारचा पाठिंबा काढला आणि गणपतराव व आमच्याकडच्या मीनाक्षीताई पाटील दोघांनीही राजीनामे दिले. म्हणजे अलिबागच्या भांडणात सांगोल्याचे मंत्रिपद गेले. आम्ही तेव्हा आमच्या भांडणाच्या धुंदीत होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका दुष्काळी तालुक्याने आपल्यासाठी काय सोडले, याचा विचार आमच्यापैकी किती जणांनी केला असेल, मला शंका आहे. पक्षशिस्त म्हणून ते योग्यच होते. पण उलटतपासणी यांच्या हिशेबात ही रक्कम मांडायची असेल, तर ती आमच्या खात्यावर मांडावी.

उलटतपासणी

रेवदंडेकर यांच्या मोठेपणाबद्दल आभार. माझा आता एकच आक्षेप उरतो आणि तो पक्षासंबंधी आहे. मूळ प्रश्न पक्ष आटत असताना माणूस कसा टिकला असा आहे. मला तो उलटा विचारावासा वाटतो : इतका टिकणारा माणूस असताना पक्ष का आटला? सांगोल्यात जे जमले, ते शेजारच्या मंगळवेढ्यात किंवा जतमध्ये का उभे राहिले नाही? मापाचे भांडण, हजेरीपत्रक, पाणी परिषद, स्वच्छ गिरणी, यातले काहीही सांगोल्याच्या हद्दीला बांधलेले नव्हते. आणि २०१९ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर ते थांबले, तेव्हा उमेदवारी आली नातवाकडे. आयुष्यभर कार्यकर्त्यांच्या जोरावर जगलेल्या पक्षाला त्या दिवशी घरापलीकडे नाव सापडले नाही.

गलाईवाला

वारसांपुरते पालाचे उदाहरण देतो. मणी २०१९ मध्ये वारले. त्याच वर्षी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाने पाला गमावले. जिंकला तो पवारांच्या राष्ट्रवादीचा उमेदवार, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना मौजेचे वाटेल. २०२१ मध्ये खुद्द मणींचे चिरंजीव उभे राहिले आणि तेही हरले. दुसरीकडे पुथुपल्लीने २०२३ च्या पोटनिवडणुकीत ओमन चंडींच्या मुलाला मोठ्या फरकाने निवडून दिले. एकाच जिल्ह्यातले दोन मतदारसंघ, दोन निकाल. आडनाव असले म्हणजे भागते, असे इथेही कोणाला म्हणता येत नाही.

मोजदाद

सांगोल्याचे आकडे असे आहेत. २०१४ मध्ये, अठ्ठ्याऐंशीच्या घरात असताना, गणपतरावांनी शहाजीबापूंना सुमारे २५ हजार मतांनी हरवले. २०१९ मध्ये नातू डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले. त्या वर्षी शेकापचा राज्यात एकच आमदार आला आणि तोही नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याहून. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले. समोर शहाजीबापू, तिसरे महाविकास आघाडीतल्याच ठाकरे सेनेचे दीपक साळुंखे, म्हणजे मित्रपक्षही विरोधात. राज्यात महायुतीची लाट होती, रायगडमधल्या शेकापच्या सगळ्या जागा पडल्या आणि सांगोला तेवढे निवडून आले. १९९५ मध्ये राज्य एकीकडे आणि सांगोला दुसरीकडे गेले होते, तसेच पुन्हा झाले.

खिलार

उलटतपासणी यांनी विचारले की नातवाशिवाय नाव का सापडले नाही. याचे उत्तर माझ्याकडे आहे, ते आवडण्यासारखे नाही. आमच्या गावातले शेकापचे जुने कार्यकर्ते आता पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना हजेरीपत्रक वाचता येत होते, माहिती अधिकाराआधी माहिती काढता येत होती, तहसीलच्या पायऱ्यांवर बसता येत होते. त्यांची मुले पुण्याला चाकणच्या कंपन्यांत आहेत किंवा माझ्यासारखी बागेत फवारणी करत आहेत. तलाठ्याकडचे काम फोनवर होते, नाहीतर एजंट करून देतो. माझा थोरला मुलगा मला विचारतो, मोर्चा काढून नेमके काय मिळते? मी त्याला टेंभूच्या वितरिकेवर नेले होते. आमच्या शिवाराच्या अलीकडे ती संपते, तिथे काँक्रीट उघडे पडले आहे आणि लोखंडी गज बाहेर आलेले आहेत. पलीकडच्या रानात दोन पाळ्या पाणी आले, आमच्या रानात नाही. तो गजांकडे बघत राहिला आणि म्हणाला, मग पुढचे तोंड काढायला अर्ज कोणाकडे करायचा?

गेल्या आठवड्यात आम्ही बावीस खातेदारांच्या सह्या घेतल्या. चार जण पुण्यात आहेत, त्यांच्या राहिल्या आहेत.

माणगंगाकाठ

चर्चा वाचून मूळ लेखात दोन दुरुस्त्या करायच्या ठरवल्या आहेत : ‘विक्रमी’ हा शब्द काढायचा आणि चौपन्नच्या जागी सुमारे एक्कावन्न लिहायचे. प्रतिसादांचा संदर्भ तुटू नये म्हणून वरचा मजकूर तूर्त आहे तसा ठेवला आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः लिहिले असते तर ते पाणी परिषदेपासून सुरू झाले असते. खिलार यांनी ते खडीच्या मापापासून सुरू केले आणि ते मला अधिक पटते. उलटतपासणी यांचा मंगळवेढा-जतचा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे. त्या बाजूचे कोणी वाचत असतील तर त्यांनी लिहावे.

खिलार यांस : पुण्यातल्या चौघांपैकी दोघे माझ्या भावकीतले असावेत असे वाटते. गट क्रमांक व्यक्तिगत निरोपातून पाठवावेत, रविवारी त्यांच्याकडे जाऊन सह्या घेऊन येतो.